निसर्गाचें दप्तर आणि शेतकरी

जमिनीवर पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट असावी, बांधावरचा आंबा आजोबांनीं लावलेला असावा, विहिरींत तिघां भावांचा सारखा हिस्सा असावा. परंतु ज्याची नोंद नाहीं तें तंट्याच्या वेळीं नसल्यासारखेंच होतें. महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केल्यावर एवढी एक गोष्ट आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. आमच्या शेतकरी बंधूंस ती नव्यानें सांगावयास नको. सातबाऱ्यावर एक ओळ चुकली तर तालुक्यास दहा खेपा घालणारे आपण लोक आहों. परंतु याच शेतांत आपल्याखेरीज दुसरेही पुष्कळ वहिवाटदार आहेत. पांखरें आहेत, साप आहेत, किडे आहेत, तऱ्हेतऱ्हेचीं गवतें व झुडपें आहेत. त्यांची नोंद कोणीं ठेवली, ती कोठें पाहावयास मिळते, आणि ती न वाचल्यामुळें आपलें काय नुकसान झालें, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हों. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें, तेंही बेताचें. नोकरींत असतांना शेंकडों पंचनामे आमच्या हातून लिहिले गेले. उभ्या पिकाची नासाडी पाहून "किडीमुळें नुकसान" असें आम्ही लिहीत असूं. कोणती कीड, हें कोणीं विचारलें नाहीं व आम्हींही पाहिलें नाहीं. झाडांच्या नोंदींत आंबा, चिंच, बाभूळ, साग एवढीं नांवें येत. बाकी सर्व झाडें "इतर" या एका सदरांत जमा होत. आज सेवानिवृत्तीनंतर थोडें वाचन व थोडा प्रवास घडल्यावर कळूं लागलें आहे कीं, त्या एका "इतर" शब्दानें आम्हीं कितीतरी जीवांस बेदखल केलें.

गिधाडांचा हिशेब

आमच्या लहानपणीं गांवाबाहेर ओढ्याकांठीं मेलेलीं गुरें टाकण्याची जागा होती. शेजारीं एक जुना वड होता व त्यावर गिधाडांची वस्ती असे. जनावर टाकलें कीं तीं आकाशांतून घिरट्या घालीत उतरत, आणि थोड्याच वेळांत हाडांखेरीज कांहीं शिल्लक राहत नसे. पोरें त्यांस दगड मारीत; आम्हींही मारले. १९९५ च्या उन्हाळ्यांत आमचा एक बैल पायानें अधू झाला. सूज उतरावी म्हणून त्यास दोन-तीन वेळां इंजेक्शन दिलें गेलें. चौथ्या दिवशीं बैल गेला. गाडींत घालून तो त्याच जागीं नेला, तेव्हां वडावर दहा-बारा गिधाडें बसलेलीं आम्हीं पाहिलीं. पुढें आमची बदली झाली. १९९९ सालीं परत आलों तेव्हां वड होता. गिधाड एकही नव्हतें.

कोणत्या सालीं गेलीं, असें आम्हीं गांवांत विचारलें. एक म्हणाला, "मोठा पूर आला त्या वर्षीं." दुसरा म्हणाला, "किल्लारीच्या भूकंपाच्या आधींच गेलीं कीं." भूकंप १९९३ सालचा, आणि आम्हीं तर तीं त्यानंतर डोळ्यांनीं पाहिलेलीं. एवढें मोठें पांखरूं, शेंकडों वर्षें गांवची घाण निस्तरणारें, गांवांतून कायमचें गेलें, आणि त्याच्या जाण्याचें साल सांगणारा एकही मनुष्य गांवांत नव्हता.

गांवांत नोंद नव्हती. परंतु दुसरीकडे ती होती. राजस्थानांत भरतपूरजवळ केवलादेव हें पक्ष्यांचें प्रसिद्ध उद्यान आहे. तेथें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनीं १९८० नंतरच्या दशकांत गिधाडांची मोजदाद केली होती. सुमारें दहा वर्षांनीं त्यांनीं त्याच ठिकाणीं पुन्हां मोजणी केली, तेव्हां संख्या विलक्षण घटलेली आढळली. ही हकीकत १९९९ सालीं संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पहिल्या मोजणीच्या वेळीं गिधाड हें अगदीं सामान्य पांखरूं होतें. तें कशाला मोजावयाचें, असें कोणासही वाटलें असतें. परंतु मोजलें होतें म्हणून घट सिद्ध करतां आली. पुढें देशांत ठिकठिकाणीं पाहणी झाली, आणि पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारांस एक या प्रमाणांत उरलीं असें दिसून आलें.

कारण २००४ सालीं पाकिस्तानांत झालेल्या संशोधनानें उघड झालें. गुरांच्या सुजेवर व वेदनेवर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध ज्या जनावराच्या अंगांत असतांना तें मरतें, त्याचें मांस खाऊन गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात व तें थोड्याच दिवसांत मरतें. एकेका मढ्यावर अनेक गिधाडें जमतात. म्हणून शंभर मढ्यांत एकापेक्षांही कमी मढें विषारी असलें तरी एवढा संहार होण्यास तें पुरतें. भारत सरकारनें २००६ सालीं हें औषध गुरांसाठीं बंद केलें, आणि २०२३ सालीं केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरही तशीच बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांस गुणकारी असून गिधाडांस निर्धोक ठरलें आहे. तेव्हां जनावरास सुई टोंचली जाण्यापूर्वीं औषधाचें नांव विचारणें हें प्रत्येक गुरें बाळगणाऱ्याचें कर्तव्य आहे.

आमच्या बैलास दिलेल्या बाटलींत काय होतें, हें त्या वेळीं आम्हीं विचारलें नाहीं. आतां सांगण्यास कोणी उरलेलें नाहीं. परंतु वडावरचीं तीं दहा-बारा गिधाडें मनांतून जात नाहींत. ज्याला आपण रिकामटेकड्यांचा छंद समजतों, ती पांखरें मोजण्याची व झाडें ओळखण्याची विद्या शेतकऱ्याच्या किती जवळची आहे, हें आम्हांस तेव्हांपासून पटलें.

पहिलें दप्तर : संग्रहालय

ज्या संस्थेचा वर उल्लेख केला ती मुंबईंत १५ सप्टेंबर १८८३ रोजीं स्थापन झाली. स्थापना करणारे गृहस्थ आठ. त्यांत सहा इंग्रज व दोन आपले. डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हीं त्या दोघांचीं नांवें मराठी माणसानें लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. आपापल्या पाहण्यांतील प्राण्यांविषयीं टिपणें वाचावीं व नमुने एकमेकांस दाखवावे, एवढाच साधा हेतु होता. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें तें आजतागायत चालू आहे. पुढें मुंबईंतील जें वस्तुसंग्रहालय १९२२ सालीं लोकांस खुलें झालें, व ज्यास आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, त्याचा निसर्गविभाग याच संस्थेच्या साह्यानें उभा राहिला.

या संस्थेच्या दारीं एकदां दहा-बारा वर्षांचा एक मुलगा मेलेली चिमणी कागदांत गुंडाळून घेऊन गेला. छऱ्याच्या बंदुकीनें त्यानें ती मारली होती, आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून ही निराळी कोणी आहे काय, असा त्यास प्रश्न पडला होता. संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांनीं त्यास हांकलून न देतां पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले व चिमणीचें नांव सांगितलें. तो मुलगा म्हणजे पुढें जगद्विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली. एका प्रश्नाचें नीट उत्तर मिळालें, त्यांतून एका माणसाचें आयुष्य घडलें व देशास पक्ष्यांचा जाणकार लाभला.

गेल्या वर्षीं आम्ही पुतण्याच्या मुलीस घेऊन हें संग्रहालय पाहण्यास गेलों होतों. कांचेपलीकडे प्राणी त्यांच्या मूळच्या रानासह मांडून ठेवलेले पाहून पोर हरखून गेली. प्रत्येक कपाटापुढें तिचा एकच प्रश्न : "आजोबा, हें आपल्या गांवाला आहे का?" पहिल्यांदा आम्हीं उत्तरें दिलीं. पुढें पुढें उत्तर देववेना. कांहीं पांखरें आम्हीं पाहिलीं होतीं, पण आतां आहेत कीं नाहींत तें ठाऊक नव्हतें. कांहीं पाहिलीं असतील, पण नांव माहीत नव्हतें. ज्या गांवच्या प्रत्येक गटाचें क्षेत्र आम्हांस एके काळीं तोंडपाठ होतें, त्या गांवाविषयीं सात वर्षांच्या पोरीपुढें आम्ही निरुत्तर झालों.

संग्रहालयांत पाहण्याची खरी वस्तु नमुन्याच्या पायाशीं असते. ती म्हणजे त्याची चिठी. नांव, ठिकाण, तारीख व गोळा करणाराचें नांव त्या चिठींत असतें. चिठी नसेल तर तो नमुना म्हणजे नुसता पेंढा. चिठी असेल तर तो शंभर वर्षांनींही साक्ष देतो. याचें एक उदाहरण विलायतेंतील आहे. तेथें बहिरी ससाणे झपाट्यानें कमी होऊं लागले. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञानें जुन्या संग्रहांतील अंडीं काढून त्यांच्या टरफलांची नव्या अंड्यांशीं तुलना केली. त्यांत १९४७ नंतर टरफलें पातळ झालीं आहेत असें आढळलें, व ही गोष्ट त्यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केली. दोष डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा ठरला. टरफल इतकें पातळ होई कीं, उबवणाऱ्या पक्ष्याच्या भारानेंच तें फुटे. आपल्या देशांत शेतीसाठीं डीडीटी वापरण्यास १९८९ सालीं बंदी झाली. ज्यांनीं तीं जुनीं अंडीं कापसांत गुंडाळून व तारीख घालून ठेवलीं, त्यांस हा पुढचा खटला ठाऊकही नव्हता. दप्तराचें महत्त्व तें हेंच.

दुसरें दप्तर : ग्रंथ

संग्रहालयास जाणें सर्वांस घडत नाहीं. ग्रंथ मात्र घरीं येतो. आपल्या भूमींतील वनस्पतींची नोंद ग्रंथरूपानें फार पूर्वीं सुरू झाली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानांतील औषधींवरील ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. पुढें कोचीनच्या डच अंमलांत फान ऱ्हेडे या अधिकाऱ्यानें मलबारांतील वनस्पतींचा बारा भागांचा सचित्र ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला. या कामीं इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्यानें, तसेंच रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट या तिघां कोंकणी वैद्यांनीं माहिती पुरविली. तिघांचें कोंकणी भाषेंतील व नागरी अक्षरांतील प्रमाणपत्र पहिल्या भागांत छापलेलें आहे. आपली अक्षरें साडेतीनशें वर्षांपूर्वीं हॉलंडांत छापलीं गेलीं तीं झाडांच्या निमित्तानें, हें सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एके काळचे मुख्याध्यापक थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला. सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ सालीं निघालें व त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. मराठींत वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश आहे. त्यांत पांखरांचीं गांवोगांवचीं नांवें मिळतात, म्हणून तो आमच्यासारख्यांस अधिक उपयोगी.

अशीं पुस्तकें कादंबरीप्रमाणें पहिल्या पानापासून वाचावयाचीं नसतात. पंचांग जसें तिथीपुरतें उघडावें, तसें हें पुस्तक दिसलेल्या वस्तूपुरतें उघडावें. आधीं शेतांत पाहावें, मग पुस्तकांत शोधावें. याचा लाभ केवढा आहे तो सापांच्या बाबतींत कळतो. आपल्याकडे मनुष्यास मोठा धोका असलेले साप मुख्यत्वें चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसें. धामण बिनविषारी असून उंदरांची वैरीण आहे. ती म्हशीचें दूध पिते, ही समजूत निराधार आहे; सापाचें तोंड चोखण्याजोगें नसतेंच. तरी खळ्यावर निघालेली धामण नाग समजून मारली जाते, आणि उलट घोणस अजगराचें पिलूं समजून हातांत धरली जाते. पहिल्या चुकीनें धान्य जातें, दुसरीनें प्राण. धामणीच्या ओठांच्या कडेस उभ्या काळ्या रेघा असतात हें चित्रांत पाहून ठेवावें. परंतु प्रत्यक्षांत शंका असेल तर दुरूनच वाट द्यावी, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडतां सर्पविषाची लस असलेला दवाखाना गांठावा.

तिसरें दप्तर : वनस्पतिउद्यान

मुंबईचें राणीचें बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें जाणारे बहुतेक लोक वाघ व हत्ती पाहून परततात. वास्तविक तेथील झाडें पाहण्यासाठीं स्वतंत्र दिवस काढावा. आफ्रिकेंतील गोरखचिंच व ब्रह्मदेशांतील उर्वशी अशीं दूरदेशचीं झाडें तेथें एका आवारांत उभीं आहेत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा कारभार तर १८३० सालीं स्थापन झालेल्या एका कृषि-उद्यान संस्थेकडे आहे. म्हणजे तें शेतीच्याच घराण्यांतलें म्हणावयाचें. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानांत कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती जतन केल्या आहेत. याच वेलींचे कंद गुराखी पोरें डोंगरांत उकरून खात. जें उकरून संपत आलें, तें तेथें लावून राखलें जात आहे.

उद्यानांतून आपल्या शेतांत काय आलें, हाही विचार केला पाहिजे, कारण त्यांत जमा व खर्च दोन्ही आहेत. खर्चाच्या बाजूस पहिली घाणेरी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत शोभेचें झुडूप म्हणून ती अमेरिकेकडून आणली गेली, आणि पांखरांनीं तिचीं फळें खाऊन बीं देशभर पसरविलें. आज डोंगरउतारावरील चराईचीं कुरणें तिनें गिळलीं आहेत. गाजरगवत कोणीं मुद्दाम आणलें नाहीं. तें १९५० नंतरच्या दशकांत पुण्यांत नजरेस आलें व तेथून सर्वत्र माजलें. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोंतील एक भुंगेरा १९८३ सालीं बंगळुरास आणून तपासला व पुढील वर्षापासून सोडला. त्याच्या फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असतात, व पावसाळ्यांत तो गाजरगवताचीं पानें फस्त करतो. आम्हीं स्वतः एका शेतकऱ्यास या भुंगेऱ्यांवर औषध फवारतांना पाहिलें आहे. मित्राचा चेहरा ओळखीचा नसला म्हणजे असें होतें.

जमेच्या बाजूस ऊंस. कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊंसाच्या पैदाशीचें केंद्र निघालें. नाना जातींचे ऊंस व रानगवतें एका जागीं लावून ठेवणें हें त्या केंद्राचें काम, म्हणजे एक प्रकारचें उद्यानच. तेथें बार्बर व वेंकटरामन् या शास्त्रज्ञांनीं जाड रसाळ ऊंसाचा संकर नदीकांठच्या पांढऱ्या तुऱ्याच्या कास गवताशीं केला, आणि त्यांतून निघालेला को २०५ हा ऊंस १९१८ सालीं लागवडीस दिला. ऊंसाच्या नांवांतील "को" हें अक्षर कोइमतूरचें. आज आपल्या भागांत ज्याची सर्रास लावण होते त्या को ८६०३२ च्या वंशांतही या गवताचा अंश आहे. काटकपणा व रोगास तोंड देण्याचें बळ रानगवताकडून आलें. ज्या कास गवतास आपण "इतर" या सदरांत टाकलें, त्याच्या जिवावर आपले साखर कारखाने चालले आहेत, हें ध्यानांत घ्यावें.

चौथें दप्तर : माहितीपट

पुस्तक वाचण्याचा कंटाळा असणारांसाठीं निसर्गाचे माहितीपट आहेत, आणि ते आतां खिशांतल्या यंत्रावरही दिसतात. डेव्हिड ॲटनबरो यांची "लाइफ ऑन अर्थ" ही तेरा भागांची मालिका १९७९ सालची. १९९५ सालीं त्यांनीं वनस्पतींच्या जीवनावर एक मालिका केली. तींत दिवसांचें काम क्षणांत दाखविलें आहे. वेलीचा तंतु आधारासाठीं आंधळ्याच्या हातासारखा हवेंत चाचपतो, कळी उमलते, मूळ जमिनींत वाट काढतें, हें सर्व हलतांना पाहिलें म्हणजे रोजचें पीकही निराळें दिसूं लागतें.

माहितीपटानें कायदाही बदलतो. गुजराथच्या किनाऱ्यावर देवमुशी या प्रचंड परंतु निरुपद्रवी माशाची कत्तल होत असे. माइक पांडे यांनीं त्यावर केलेला "शोअर्स ऑफ सायलेन्स" हा माहितीपट २००० सालीं पुढें आला, आणि २००१ सालीं त्या माशास वन्यजीव कायद्याचें संरक्षण मिळालें.

एक दोष मात्र सांगितला पाहिजे. या चित्रांमुळें आमच्या पोरांस आफ्रिकेचा सिंह ओळखतां येतो, पण बांधावरचा कोतवाल ओळखतां येत नाहीं. चित्र पाहून डोळा तयार व्हावा आणि तो डोळा घेऊन शेतांत जावें, तरच उपयोग. नाहीं तर तो नुसता तमाशा.

घुबडाचा पंचनामा

हीं चारही दप्तरें आमच्या घरीं कशीं उपयोगी पडलीं, तें सांगून लेख आटोपतों. पुतण्याच्या धान्याच्या गोदामांत गेल्या दिवाळीनंतर गव्हाणी घुबडाच्या जोडप्यानें माळ्यावर घर केलें. रात्रीं त्यांचा घोगरा आवाज येई. घरांतील बायामाणसें धास्तावलीं. पुतण्या आम्हांस म्हणाला, "काका, घुबड घरांत असणें चांगलें नव्हे. उद्यां काठीनें काढून टाकतों." पूर्वींच्या वाड्यांत आम्हीं स्वतः हेंच केलें होतें, व पुढच्या दोन वर्षांत उंदरांनीं कणग्या पोखरल्या होत्या, परंतु त्या दोन गोष्टींचा संबंध तेव्हां जोडला नव्हता. आम्हीं म्हटलें, "काढावयाचें तर काढ, पण आधीं पंचनामा करूं."

घुबड भक्ष्य बहुधा सगळेंच गिळतें, आणि न पचलेलीं हाडें व केंस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतें. माळ्याखालीं अशा काळपट गोळ्या पडल्या होत्या. त्यांतील सहा आम्हीं पाण्यांत भिजवून वर्तमानपत्रावर उकलल्या. तेरा कवट्या निघाल्या. पुढें पटाशीसारखे दोन दांत व त्यांमागें रिकामी जागा, ही उंदराची खूण; तशा अकरा होत्या. दोन लांबट व सलग बारीक दांतांच्या, त्या चिचुंद्रीच्या. कोंबडीचें पिलूं एकही नाहीं, धान्याचा दाणाही नाहीं. पोरीनें कवट्या ओळीनें मांडल्या व बापास विचारलें, "बाबा, यांनीं रोज किती धान्य खाल्लें असतें?" पुतण्यानें उत्तर दिलें नाहीं, पण काठी जागेवर ठेवली. घुबडें अजून माळ्यावर आहेत. गोदामांत उंदरांचें विष घालणें त्यानें बंद केलें, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडानें खाल्ला तर तेंही मरेल, हें त्यास गिधाडांच्या हकीकतीवरून आपोआप उमगलें.

तेव्हां वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, प्रत्येकानें घरांत एक साधी वही घालावी. तारीख, गट क्रमांक, काय पाहिलें, किती पाहिलें, तें काय करीत होतें, आणि गांवांत त्यास काय म्हणतात, अशीं सहा सदरें पुरेत. नांव कळलें नाहीं तर वर्णन लिहावें. नांव पुढें पुस्तकांत किंवा संग्रहालयांत सांपडेल. रबीचें पीक निघाल्यावर चैत्रांत हात मोकळे असतात, तेव्हां मुलांनातवंडांस घेऊन संग्रहालय व उद्यान पाहून यावें व वही बरोबर न्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें गांवोगांवीं जैवविविधता समिती व लोकांची जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. आपल्या ग्रामपंचायतींत जाऊन ती नोंदवही मागावी, आणि सातबारा जितक्या बारकाईनें वाचतों तितक्याच बारकाईनें वाचावी. तींत आपल्या ओढ्याकांठचा वड आहे काय, पाहावें. नसेल तर लिहवून घ्यावा.

आमच्या वहींत पहिली नोंद त्या वडाचीच आहे. झाड उभें, पानें दाट, गिधाडें शून्य. तारीख घातली आहे. शून्याचीही नोंद ठेवावी लागते. कारण एखादें दिवशीं त्या वडावर एखादें गिधाड पुन्हां येऊन बसलें, तर तें कोणत्या सालीं परत आलें, हें तरी या गांवांत निश्चित सांगतां यावें.